डायल नसलेलं घड्याळ: आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी रात्री साडेसातला आपले रात्रपाळीचे वॉचमनकाका ड्यूटीवर चढण्याआधी माझ्या दारात आले. हातात रुमालाची पुरचुंडी. सोसायटीत घड्याळजी म्हणून माझी ओळख, त्यामुळे मुका झालेला गजर, सेल गळून गंजलेलं भिंतीवरचं घड्याळ, एकदा तर मिक्सरसुद्धा माझ्या दारी आलेला आहे. काकांनी पुरचुंडी सोडली. आत काळा रबरी पट्टा. म्हणाले, "साहेब, पिन तुटली. लगेच बसवून देता का? हातात नसला तर पैसे कापतात."

मी टेबलावरचा दिवा ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि सवयीने वस्तू पालथी-उताणी केली. खालच्या अंगाला हिरवा दिवा लुकलुकत होता. कडेला चार्जिंगच्या दोन पितळी टिकल्या. वरच्या अंगाला नुसतं गुळगुळीत काळं प्लॅस्टिक. काटे नाहीत, आकडे नाहीत, पडदा नाही. चाळीसच्या वर वर्षं मनगटावरच्या वस्तू उघडतो आहे, पण डायलच नसलेली वस्तू माझ्या चिमट्यात पहिल्यांदा आली.

"काका, यात तुम्हाला दिसतं काय?"

"मला काही नाही दिसत. ऑफिसात दिसतं."

थोडं थांबून त्यांनीच विचारलं, "यात माझं बीपी कळतं का हो? तो हिरवा दिवा रात्रभर चालू असतो. म्हटलं, काहीतरी मोजत असणार."

मोजतो ना. नाडी मोजतो. फक्त ज्याची नाडी, त्याला सांगत नाही. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत नवव्या क्रमांकावर "सेवाकर्मचाऱ्यांसाठी स्मार्ट पट्टे कायम करणे व ते घरकामाच्या मदतनीसांनाही लागू करणे" असा विषय आहे. सभा पंचाहत्तर मिनिटांत उरकायची आपली परंपरा आहे आणि नववा विषय येईस्तोवर वेफर्स संपलेले असतात. म्हणून जे बोलायचं ते आधीच लिहून सूचनाफलकावर लावतो आहे.

आधी एक शंका फेडतो. बी विंगमधल्या आजोबांना नवीन काही सोसत नाही, असं कोणी म्हणायला नको. मी शिकलो ती चावीची घड्याळं. त्यातलं बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, तासाला अठरा हजार वेळा हलायचं, म्हणजे सेकंदाला पाच. मग क्वार्ट्झ आलं. सेकोने १९६९ साली पहिलं मनगटी क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं, आणि पुढे ते इतकं स्वस्त झालं की लक्ष्मी रोडवर किलोच्या भावात मिळेल असं आम्ही चेष्टेत म्हणायचो. हल्लीच्या क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. पाच कुठे आणि हे कुठे! एचएमटीने १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं करायला घेतली, आणि २०१६ साली सरकारने तो कारभार बंद करायचा ठरवला. माझ्या कपाटात अजून त्यांच्या 'जनता'ची सहा मशिनं आहेत. धंदा बदलला तेव्हा मी रडत बसलो नाही, सेल बदलायला शिकलो. आता माझ्या स्वतःच्या डाव्या मनगटावर मुलीने दिलेलं स्मार्ट घड्याळ आहे, आणि ते मी आवडीने वापरतो.

ते मला हसवतंही. श्रावणात मारुतीच्या देवळात नारळ फोडला. दणका जोरात बसला आणि मी हात जोडून स्तब्ध उभा राहिलो. घड्याळ थरथरायला लागलं: तुम्ही जोरात पडलात असं वाटतं, ठीक आहात ना? हात आपटला आणि माणूस मग हललाच नाही, म्हणजे त्याच्या हिशेबाने मी कोसळलो होतो. उत्तर दिलं नसतं तर त्याने परस्पर मदतीचा फोन लावला असता. देवासमोर "मी ठीक आहे" असं बटण दाबून सांगावं लागलं. पर्वती चढलो की ते मजले मोजतं. पायऱ्या १०३ आहेत की किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हवेचा दाब उतरला की साधारण तीन मीटरला एक मजला, असा त्याचा हिशेब. शेजारची मुलगी ढोलपथकात आहे. नदीकाठच्या सरावात एका जागी उभं राहून तिच्या घड्याळाने दीड तासात आठ हजार पावलं नोंदवली. ती म्हणाली, "आजोबा, माझं घड्याळ ढोल वाजवतं, मी नुसती उभी असते."

हे सगळं गमतीत घालवता येतं, कारण आकडा चुकला तरी तो बघणारी तीच, आणि हसणारीही तीच.

आता थोडं गंभीर. माझ्या पत्नीला वीस वर्षं मधुमेह आहे. गेल्या वर्षीपासून तिच्या दंडाच्या मागच्या बाजूला रुपयाएवढी चकती चिकटवलेली असते. तिचं केसासारखं बारीक टोक कातडीखाली जातं आणि पेशींच्या मधल्या पाण्यातली साखर मोजतं. चकती चौदा दिवसांनी बदलायची. रक्तातल्या साखरेच्या मानाने तो आकडा काही मिनिटं मागे असतो, पण दिवसभराची चढउतार मोबाइलवर रेघेसारखी दिसते. पहिल्या आठवड्यात एका रात्री तीनला तिचा मोबाइल किंचाळला: साखर ७०च्या खाली! मी धावत जाऊन साखरेचं पाणी केलं. तिने आधी बोट टोचून बघितलं. एकशे बारा. त्याच कुशीवर झोपल्याने चकती दबली होती आणि दबलेली चकती खोटा कमी आकडा दाखवते, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. साखरपाणी मी प्यायलो.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. मुलीने बंगळूरला बसून आईची रेघ आपल्या मोबाइलवर जोडून घेतली होती. काळजीपोटीच. होळीच्या दिवशी पुरणपोळीचा दुसरा घास घशाखाली उतरतो न उतरतो तोच फोन: "आई, आत्ता काय खाल्लंस?" तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा बायकोने मोबाइल उचलला, कुठेतरी दोन ठिकाणी बोट लावलं आणि मुलीची रेघ बंद केली. दोन दिवस मायलेकी बोलल्या नाहीत. मग बायकोनेच ती पुन्हा जोडली, पण अट घालून: साखर फार उतरली तरच तुला कळेल, चढली तर ती माझी आणि माझ्या पुरणपोळीची गोष्ट.

आमच्या घरात हे यंत्र बसलं ते त्या दिवशी. आकडा आधी तिला दिसतो. कोणाला किती दाखवायचा हे ती ठरवते, आणि वैताग आला तर बंद करते. तिच्या दंडावरच्या चकतीत आणि वॉचमनकाकांच्या मनगटावरच्या पट्ट्यात तंत्र म्हणाल तर चुलतभावाचं नातं आहे. पण काकांना बंद करायचं बटण नाही आणि बघायला डायल नाही.

समितीची बाजू मला समजत नाही असं नाही. दिवाळीत पार्किंगमधून दोन सायकली गेल्या. एकदा पहाटे चारला रुग्णवाहिका आली तेव्हा गेट उघडायला पाच मिनिटं लागली, आणि ते घर माझ्याच मजल्यावरचं होतं. रात्री वॉचमन जागा आहे की नाही, हा प्रश्न रास्त आहे. माझं भांडण प्रश्नाशी नाही, तुम्ही काढलेल्या उत्तराशी आहे. तीन महिन्यांच्या चाचणीत त्या उत्तराने काय केलं, ते तुमच्या ऑफिसातल्या पडद्यावर दिसत नसेल तर माझ्याकडून ऐका.

झाडलोटीच्या मावशी. त्यांच्या डाव्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, उजव्यावर टिपक्यांची ओळ. पट्ट्याचा हिरवा दिवा कातडीवर प्रकाश टाकतो. रक्त हिरवा उजेड शोषतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड किंचित कमी-जास्त होतो, आणि त्यावरून यंत्र नाडी ओळखतं. मधे गोंदणाची शाई आली की उजेड तिथेच अडतो. ही काही मी काढलेली खोड नव्हे. २०१५ साली ॲपलचं घड्याळ बाजारात आलं तेव्हाच गोंदलेल्या मनगटांच्या तक्रारी आल्या होत्या, आणि शाई प्रकाश अडवू शकते हे कंपनीनेच सांगितलं होतं. आपल्या पट्ट्याला मावशींच्या हातावर नाडी सापडली नाही. त्याने अर्थ काढला की पट्टा हातात नाही. महिन्यात सहा वेळा "पट्टा काढला" अशी नोंद, प्रत्येकी पन्नास, मिळून तीनशे रुपये मावशींच्या पगारातून गेले. त्यांनी दुसऱ्या हातात घालून पाहिला, तिथे टिपके. मला म्हणाल्या, "दादा, सात वर्षांची होते तेव्हा आईने धरून बसवलं होतं गोंदायला. म्हणाली, मेल्यावर एवढंच सोबत येतं. तिला काय ठाऊक, जिवंतपणी दंड भरावा लागेल म्हणून."

त्यात हिरव्या बांगड्या. पट्टा बांगड्यांच्या वर घातला तर सैल, खाली घातला तर साबणाचं पाणी आत साचतं. त्यांच्या मनगटावर उठलेलं पुरळ मी पाहिलंय.

मावशींच्या पावलांचाही हिशेब तुमच्याकडे आहे म्हणे: "कमी हालचाल". दोन विंगांच्या कचऱ्याचे डबे चाकाच्या गाड्यावर घालून त्या रोज सकाळी गेटापर्यंत ढकलत नेतात. पट्टा पावलं मोजतो ती हाताच्या झोक्यावरून. गाड्याच्या दांड्यावर घट्ट धरलेला हात झुलत नाही, मग त्यातली बरीचशी पावलं त्याच्या हिशेबात येतच नाहीत. उद्या हाच पट्टा पोळ्यावाल्या काकूंच्या हाती आला तर त्या लाटण्यासरशी जागच्या जागी सिंहगड चढून येतील. काम कोण करतं आणि हात कोण हलवतं, यातला फरक त्या पट्ट्याला कळत नाही.

पट्टा पुरवणाऱ्याच्या पत्रकात वॉचमनला रात्रीत दहा हजार पावलांचं लक्ष्य दिलेलं आहे. हा दहा हजारांचा आकडा आला कुठून, ठाऊक आहे? १९६५ साली जपानमध्ये कमरेला लावायचं एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. त्याचं नाव होतं मांपो-केई, म्हणजे सरळ "दहा हजार पावलांचं मीटर". नाव चाललं, आकडा जगभर पसरला. तो कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून निघालेला नव्हता. २०१९ साली अमेरिकेत १६,७४१ वयस्क बायकांचा अभ्यास छापून आला. सरासरी वय ७२. त्यात रोजच्या ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचं प्रमाण कमी दिसत होतं आणि ७,५०० नंतर हा फायदा वाढायचा थांबला. आपले काका बासष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांचा एक गुडघा गेलेला आहे. तळजाईवर सकाळी हातवारे करत चालणाऱ्या आपल्या मंडळींनी दहा हजार जरूर करावेत. काकांची पावलं त्यांच्या तब्येतीसाठी मोजली जात नाहीत.

त्याच पत्रकात "सुई न टोचता साखर कळणारं पुढचं मॉडेल लवकरच" असंही छापलंय. घरात मधुमेह असल्याने मी हे डोळे उघडे ठेवून वाचतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना बजावलं होतं की कातडीला न टोचता आपल्या आपण साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. तेव्हा त्या पत्रकातलं बाकीचं किती खरं मानायचं, ते खजिनदारांनी बघावं.

आता जागेचा हिशेब. नोव्हेंबरात काका पाऊण तास "गेटबाहेर" होते, अशी नोंद आहे. त्या रात्री तळघरातला पंप बिघडला होता आणि काका खाली बादलीने पाणी उपसत होते, हे ए विंगमधली निम्मी घरं सांगतील, कारण सकाळी नळाला पाणी आलं ते त्यांच्यामुळे. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर वर फिरतात. त्यांचा संदेश जमिनीवर पोचतो तोवर इतका क्षीण झालेला असतो की काँक्रीटच्या स्लॅबखाली तो मिळत नाही. मग यंत्र शेवटची जागा धरून बसतं किंवा अंदाजाने ठिपका टाकतं. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा चार-पाच मीटर इकडेतिकडे होतातच, आणि आपलं कंपाउंड पंपाच्या खोलीपासून किती लांब आहे ते मोजून या. काकांचा खुलासा कोणी मागितला नाही. पडद्यावरचा ठिपका गेटबाहेर होता, एवढं पुरलं.

आणि ठिपका बरोबर असतो तेव्हा आणखी वाईट होतं. पट्टा ड्यूटी संपल्यावर जमा करायची सोय नसल्याने काका तो घालूनच घरी जातात. घरी म्हणजे आधी घरी नाही. सकाळी आठला सुटून ते मार्केटयार्डात एका गाळ्यावर अकरापर्यंत कांद्याच्या गोण्या मोजतात. नातीची फी त्यातून निघते. मागच्या महिन्यात सुपरवायझरने त्यांना विचारलं, "रोज मार्केटयार्डात काय असतं तुमचं?" हे विचारणारा तो कोण? आठनंतरचा माणूस सोसायटीचा नाही, वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीचाही नाही.

माझ्या उमेदवारीतली एक आठवण सांगतो, म्हणजे हे सगळं किती जुनं आहे ते कळेल. रविवार पेठेत ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांच्याकडे पिंपरीच्या एका कारखान्यातून एक घड्याळ दुरुस्तीला आलं. नारळाएवढं, जड, चामड्याच्या पिशवीत, खांद्याला अडकवायचा पट्टा. चौकीदाराचं घड्याळ. एकोणिसाव्या शतकापासून असली घड्याळं जर्मनीत आणि इतरत्र बनत आली. कारखान्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर साखळीने बांधलेली एकेक किल्ली असते. चौकीदाराने रात्री प्रत्येक ठिकाणी जाऊन ती किल्ली घड्याळात घालून फिरवायची. आतल्या कागदी चकतीवर त्या ठिकाणाचा आकडा आणि वेळ उठते. घड्याळाला कुलूप, आणि कुलपाची चावी साहेबाकडे. त्यालाही चौकीदारासाठी काही नव्हतं, साहेबासाठी सगळं होतं.

मास्तरांनी ते उघडलं. आत आदल्या रात्रीची चकती तशीच होती. ती बघून मास्तर इतके हसले की त्यांच्या डोळ्यावरचं भिंग पडलं. आठही ठिकाणांचे ठसे दर तासाला एकापाठोपाठ एक, जेमतेम मिनिटाच्या अंतराने उठले होते. एवढा मोठा कारखाना मिनिटात कोण फिरेल? चौकीदाराने आठही किल्ल्यांच्या साखळ्या कापून किल्ल्या केबिनमध्ये आणून ठेवल्या होत्या आणि स्टुलावर बसून तासातासाला तो त्या ओळीने फिरवत होता. मास्तरांनी घड्याळ दुरुस्त केलं. कागद मात्र परत पाठवला नाही.

गुरुवारी पिन बसवून झाल्यावर मला ते आठवलं. काका खुर्चीत टेकले होते, चहा येत होता. मी पट्टा वीतभर दोऱ्याला बांधून कपाटाच्या खिळ्याला टांगला आणि बोटाने झोका दिला. वीतभर लांबीचा लंबक सेकंदाला दोनदा इकडून तिकडे जातो. माणसाच्या भरभर चालीचा वेगही तोच. सचिवांनी कृपा करून त्या संध्याकाळी आठच्या आधीची दहा मिनिटं काढून बघावीत. काका तेव्हा माझ्याकडे बसून बशीतला चहा पीत होते. तुमच्या पडद्यावर ते तरातरा चाललेले दिसतील, आणि त्यांची नाडी लागत नसेल.

हे मी चोरून केलं नाही, म्हणूनच इथे सही करून लिहितो आहे. काकांवर याचा दंड लावू नये, तो माझ्या देखभालीच्या बिलात टाकावा.

समितीत एक वकील आहेत, म्हणून दोन वाक्यं कायद्याचीही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि संमती मोकळेपणी, समजून-उमजून, विनाअट दिलेली हवी असं तो कायदा म्हणतो. नोकरीच्या कामासाठी काही सूट त्यात आहे, हे वकीलसाहेब सभेत सांगतीलच. पण काका आपले नोकर आहेत की एजन्सीचे, हे दिवाळीच्या बोनसच्या वेळी याच समितीने ठासून सांगितलं होतं. बोनसला एजन्सीचे आणि नाडीला आपले, असं कसं चालेल? शिवाय काकांनी ज्या कागदावर अंगठ्याशेजारी सही केली तो इंग्रजीत होता. मी वाचायला मागितला. त्यांच्याकडे प्रत नाही.

करोनाच्या वर्षाची आठवण याच समितीला करून द्यावीशी वाटते. मार्च २०२०मध्ये राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, आणि पुढे दोन लाटांत आपण प्रत्येक विंगला एक ऑक्सिमीटर घेतला होता. बोटाला चिमटा लावायचा, आकडा बघायचा, ९४च्या खाली गेला तर फोन करायचा. तेव्हाचे अध्यक्ष स्वतः सॅनिटायझरने पुसून तो दारोदार पोचवत होते. वॉचमनच्या केबिनलाही एक दिला होता. काका आजही ते सांगतात: "मला माझा आकडा दिसायचा, साहेब. ९७ बघितला की झोप लागायची." तेही शरीरावर लावायचं यंत्रच होतं. त्यालाही खोटं बोलता येतं, गार बोटावर आणि नखाच्या रंगावर ते अडतं, काळसर कातडीवर कधी फुगवून आकडा देतं असंही डॉक्टरांना दिसून आलेलं आहे. तरी त्याचा आकडा ज्याच्या बोटावर, त्याच्याच डोळ्यांसमोर यायचा.

तर माझं म्हणणं. नववा विषय मागे घ्या. घरकामाच्या बायकांपर्यंत तर तो मुळीच नेऊ नका. त्या आपल्या कोणाच्याच हजेरीपटावर नाहीत, आणि पाच घरची कामं करणाऱ्या बाईने कोणत्या घरचा पट्टा घालायचा हेही कोणी ठरवलेलं दिसत नाही. मावशींचे तीनशे रुपये परत करा. रात्रीच्या फेरीची खात्री हवी असेल तर आठ ठिकाणी भिंतीवर खुणेच्या टिकल्या बसवा. वॉचमनने तिथे जाऊन सोसायटीचा मोबाइल लावावा, नोंद होईल. हे चौकीदाराच्या घड्याळाचंच नवं रूप आहे आणि त्यालाही पळवाट निघेल, पण नोंद भिंतीची होईल, काकांच्या नाडीची नाही. आणि सकाळी आठ वाजता ते यंत्र केबिनमध्ये राहील.

मी काकांना विचारलं होतं, पट्ट्याऐवजी काय हवं? ते जरा लाजले. म्हणाले, रात्री छातीत कळ आली तर दाबायला एक बटण हवं, ते चार घरांत वाजावं. एक चांगली बॅटरी हवी. आणि पाठ असलेली खुर्ची. बटण मनगटावर असलं तरी चालेल, म्हणाले. तसं बटण बाजारात मिळतं, आणि त्याचा खर्च तुमच्या पट्ट्यांच्या तीन महिन्यांच्या भाड्यातून निघेल असा माझा अंदाज आहे. खजिनदारांनी आकडे फलकावर लावले तर अंदाज लावत बसावं लागणार नाही.

पिन मी बसवली आहे. पितळी घातली आहे, मूळची पत्र्याची होती. पट्टा काका नेणार होते, पण मी ठेवून घेतला, आणि तो काकांच्या हातात नाही तो माझ्यामुळे, त्यांच्यामुळे नाही, अशी चिठ्ठी सुपरवायझरला दिली आहे. तो इतर दुरुस्त्यांसारखा नाव-तारीख लिहिलेल्या पाकिटात माझ्या खणात आहे. वीस रुपये झाले. घ्यायला समितीपैकी कोणीतरी यावं, दुकान अकराला उघडतं, सोमवारी बंद असतं.

कळावे,
बी विंगमधला घड्याळजी